कोऱ्या धोतरातला शेतकरी

गावातल्या नाटकात कर्जानं गांजलेला शेतकरी रंगमंचावर येतो आणि त्याच्या धोतरावर दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच असतात. पांढरंशुभ्र, कडक, कमरेपासून घोट्यापर्यंत आडव्या चार रेघा उमटलेल्या. डोक्याला फेटा, तोही लग्नातल्या वऱ्हाड्याचा, तुरा काढून बांधलेला. तोंडी वाक्यं नापिकीची आणि सावकाराची, पण अंगावरचा कपडा सांगतो की गडी वरातीला निघाला आहे. प्रेक्षक शब्द ऐकतो आणि कपडा पाहतो. दोघांत भांडण लागलं की तो डोळ्यांचं खरं मानतो. मग नटानं कितीही घसा कोरडा केला तरी मांडवात मागच्या रांगेत खुसखुस सुरू होते, आणि दोष लेखकाच्या नाहीतर नटाच्या माथी मारला जातो. दोष कपड्याचा होता, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले, आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. त्यातला आहार्य म्हणजे वेश आणि रंग. म्हणजे कपडा हाही अभिनयच, असं आपलं शास्त्रच सांगत आलं. आपण मात्र हा पाव हिस्सा अभिनय ड्रेपरीच्या दुकानाकडे सोपवून मोकळे झालो आहोत. वेशभूषा हा नाटकाच्या लेखनाचा भाग आहे, तो ज्यानं त्यानं आपल्या गावातल्या माणसांकडे बघून लिहायचा असतो, आणि भाड्यानं आणलेला झगमगाट तो मजकूर पुसून टाकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे लिहिताना डोळ्यांपुढे घनसावंगी तालुक्यातलं कुंभार पिंपळगाव आहे. जालना जिल्ह्यातलं हे बाजाराचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं खरेदीला, दवाखान्याला, कॉलेजला इथं येतात. अशा गावाला कपडा वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं आहे की घोट्यापर्यंत सोडलं आहे, यावरून माणूस शेतातून थेट आला की बाजारासाठी घरून निघाला, हे चहाच्या टपरीवर बसलेल्याला कळतं. आजोबा धोतर आणि टोपीत, मुलगा पँट-शर्टात, नातू जीनमध्ये. एकाच मोटारसायकलवरच्या तीन कपड्यांत पन्नास-साठ वर्षांचा इतिहास बसलेला असतो. आणि कापूस वेचणारी बाई पाहा. साडीवर तिनं नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो, कारण वाळलेल्या बोंडांची टोकं हात ओरबाडतात आणि ऊन पाठ भाजतं. डोक्याला रुमाल गच्च बांधलेला, कमरेला कापसासाठी ओटी. शर्टाच्या बाह्या तिच्या हातांपेक्षा लांब असतात, म्हणून मनगटाशी दुमडलेल्या. खिसा घरधन्याचा, त्यात कधी तंबाखूची पुडी, कधी मोबाइल. या एका वेशात कापसाचं पीक आहे, मजुरी आहे, घरातल्या जुन्या कपड्याचा शेवटचा उपयोग आहे आणि पुरुषाचा कपडा बाईच्या अंगावर येण्यामागचं सगळं अर्थशास्त्र आहे. मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यात हा वेश दिवाळीच्या आगेमागे शिवारभर दिसतो. पण स्टेजवरची शेतकरीण? ती अजून हिरव्या नऊवारीत, ठसठशीत नथ घालून, काखेत रिकामी टोपली घेऊन येते. कॅलेंडरवरची शेतकरीण ती. कुठल्याही गावाच्या शिवारात ती कधी राबली नाही.

भरजरी वेशाचा मुळात उगम कुठे आहे, हे नीट समजून घेतलं पाहिजे, म्हणजे त्याच्यावर फुकाचा राग निघणार नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हा त्यांच्यापुढे कर्नाटकातल्या भागवत मंडळींच्या खेळांचा नमुना होता. गणपती, सरस्वती, राक्षस, झाडपाल्याच्या वेशातला विदूषक, सगळे आपापल्या ठरलेल्या रूपात येत. खेळ दिवट्या-पलित्यांच्या उजेडात चाले. त्या पिवळ्या, हलत्या उजेडात लांब बसलेल्या माणसाला राजा कोण आणि चोपदार कोण हे कळायचं, तर अंगावर उजेड परतवणारं काहीतरी लागणारच. बेगड, टिकल्या, जर, आरशाचे तुकडे हे त्या काळचं प्रकाशयोजनेचं काम करत होते. तमाशातल्या वगाचा राजाही याच गरजेतून चमकला. पुढे गॅसबत्ती आली तरी चमक राहिली. आज गावच्या मांडवात एलईडीचे पांढरे झोत असतात, समोर शंभर मोबाइल चित्रीकरण करत असतात. त्या उजेडात तीच टिकली डोळ्यांत खुपते, स्वस्त सॅटिन प्लॅस्टिकसारखं दिसतं आणि नटाचा चेहरा झाकोळतो. ज्या कारणासाठी झगमगाट आला ते कारण संपलं, झगमगाट तेवढा दुकानात टांगलेला राहिला.

लोककलांत मात्र वेशाला केवढा अर्थ होता! वासुदेवाची मोरपिसांची टोपी आणि पायघोळ झगा लांबून दिसला की पोरं सुपातलं दान आणायला घरात पळत. गोंधळ्याच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा देवीचं नातं सांगत. पोतराजाचा खणांच्या चिंध्यांचा घागरा आणि हातातला आसूड मरीआईचा वचक घेऊन येई. लावणी नाचणारीचं नऊवारी काष्ट्याचं असतं, कारण पायाला मोकळीक लागते आणि घुंगरू दिसावे लागतात. यातला एकही कपडा केवळ छान दिसावा म्हणून आलेला नाही. प्रत्येकाला काम आहे. गोदावरीच्या काठी पैठणला एकनाथ महाराजांनी भारुडं रचली तीही याच नजरेच्या भरवशावर; आंधळा, जोगवा मागणारी, महारीण, असं एकेक सोंग वेशाच्या एखाद-दुसऱ्या खुणेवर उभं राहतं आणि त्या खुणेआडून अध्यात्म सांगून जातं. तेव्हा परंपरा म्हणजे भरजरी, ही आपली समजूत अर्धवट आहे. परंपरेनं नेमकेपणा जपला होता. भाड्याच्या दुकानानं तेवढा भरजरीपणा उचलला.

बालगंधर्वांचं नाव इथं कुणीतरी पुढे करणारच. शालू, पैठण्या, खरे दागिने, अत्तर, आणि या सगळ्या हौसेपायी गंधर्व नाटक मंडळीच्या डोक्यावर चढलेलं कर्ज. ‘मानापमान’मधली भामिनी किंवा १९१६ च्या ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी पाहून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या, तसे केस बांधू लागल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे भरजरी वेशानंच मराठी रंगभूमी उभी केली ना? केली, पण कशी ते पाहू. ‘मानापमान’ हे नाटकच मुळी श्रीमंतीच्या तोऱ्याचं आहे. भामिनी गरीब धैर्यधराला झिडकारते आणि पुढे स्वतः साध्या दासीचा वेश घेऊन त्याच्याजवळ जाते. तिचा तो आधीचा शालू दिपवणारा नसेल, तर नंतरच्या साध्या वेशाला काय किंमत? तिथं भरजरी कपडा कथानकातला एक पक्ष आहे. आणि हेच बालगंधर्व १९१९ साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधू म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांनी ठिगळं लावलेलं लुगडं नेसलं. ज्यांच्या पैठण्या पाहायला लोक येत, त्यांच्या अंगावर फाटकं लुगडं पाहून प्रेक्षकांच्या पोटात जे कालवलं असेल, ते गडकऱ्यांच्या भाषेला एकटीनं साधलं नसतं. त्या लुगड्याचं बळ आधीच्या सगळ्या शालूंतून आलेलं होतं. ज्यांना बालगंधर्वांचा वारसा सांगायचा आहे त्यांनी हे ठिगळही सांगावं.

पुढच्या काळातली चांगली नाटकं हा धडा विसरली नाहीत. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात सुखात्मे वकिलाचा काळा झगा चढवतो, आणि त्या झग्याबरोबर खेळातली गंमत जाऊन बेणारेबाईंभोवती खरा फास आवळला जातो. फसलेल्या वकिलाला त्या झग्यानं सत्ता दिली. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांचा पडदा होता. पांढरी धोतरं, शेंड्या, गंध, सगळे एकसारखे. तीच रांग कधी भिंत, कधी कीर्तनाचे टाळकरी, कधी पुणेकर. त्या एकसारखेपणातच जमावाची भीती होती, आणि खर्च म्हणाल तर धोतरांचा. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त वहिनी घराण्याचे दागिने रात्री अंगावर चढवते, तो प्रसंग घ्या. वाड्याबाहेर पत उरलेली नाही, आत एक बाई सोन्यानं मढून बसली आहे. देशपांड्यांच्या घराण्याचं पडझडीचं आख्यान लेखकानं दागिन्यांकडून सांगून घेतलं. अलीकडच्या ‘संगीत देवबाभळी’त तर साक्षात रखुमाई लखुबाई होऊन आवलीच्या घरी राहते. मुकुट नाही, प्रभावळ नाही, घरातल्या बाईसारखं लुगडं. देवीला माणसाच्या कपड्यात आणल्यामुळेच दोन बायकांचं नवऱ्यांविषयीचं गाऱ्हाणं एका पातळीवर येतं. मुकुट घातला असता तर आवली पाया पडली असती आणि नाटक तिथंच आटोपलं असतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो उत्सवाचा. गणपती, नवरात्र, शाळेचं स्नेहसंमेलन, वर्षाकाठी एकदाच पोरांना स्टेज मिळतं. त्यांना राजाराणीसारखं नटावंसं वाटलं तर तुमच्या पोटात का दुखतं? गरिबाच्या मुलाला त्या दिवशीही फाटकंच नेसवायचं का? आक्षेप खोटा नाही. मळक्या कपड्यांचं कौतुक ज्यांना कधी मळके कपडे घालावे लागले नाहीत त्यांनाच जास्त असतं, हेही खरं. नटण्याची हौस हा माणसाचा हक्क आहे आणि राजाचा वेश ज्याला हवा त्यानं तो जरूर घालावा. माझी तक्रार राजाविषयी नाहीच. तक्रार अशी की त्याच दुकानातला तोच मखमली झगा सोमवारी राम घालतो, मंगळवारी अफझलखान, बुधवारी कुठल्याशा नृत्यातला अकबर. पोराला नटवण्याच्या नादात कुणाला नटवलं आहे हेच विसरलं जातं. नटणंही नेमकं असू शकतं. आणि आपल्या आजीचं जपून ठेवलेलं खरं लुगडं नेसून उभी राहिलेली मुलगी भाड्याच्या चमचमत्या साडीतल्या मुलीपेक्षा कमी नटलेली दिसते, असं कोण म्हणेल?

शिवाजी महाराजांच्या वेशाचा प्रश्न याहून नाजूक आहे. गावोगाव शिवजयंतीला जो जिरेटोप आणि मखमली अंगरखा दिसतो, त्याची घडण बरीचशी नाटक, छापील चित्रं आणि सिनेमा यांची आहे. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराजांचं समकालीन चित्र उजेडात आणलं. तोवर इब्राहिमखान नावाच्या सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून वापरात होतं. युरोपातल्या संग्रहांत टिकलेल्या सतराव्या शतकातल्या चित्रांत महाराजांच्या डोक्यावर मोत्यांच्या तुऱ्याचं पागोटं आहे, अंगात जामा, कमरेला शेला. दिमाख आहे, पण मखमलीचा बडेजाव नाही. लोकांच्या भावनेला धक्का लावू नका, असं लगेच सांगितलं जातं. भावनेचा मान ठेवलाच पाहिजे. म्हणूनच तर विचारायचं, की महाराजांच्या काळच्या माणसानं चित्रात काढलेला वेश हा अपमान कसा? आणि महाराज टोपाशिवाय ओळखूच येत नाहीत, असं समजणं हा भक्तीचा कोणता प्रकार?

याचं सणसणीत उत्तर कुंभार पिंपळगावच्या शेजारी, समर्थ रामदासांच्या जांब समर्थ गावातून आलं आहे. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक लिहिणारे राजकुमार तांगडे याच गावचे. संभाजी भगत यांची संकल्पना, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, आणि नटांत जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरांतली पोरं. २०१२ साली आलेल्या या नाटकानं मुंबई-पुण्याची नाट्यगृहं हलवली. गोष्ट अशी की यम महाराजांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार पृथ्वीवरच राहतात. मग ते हुडकायला त्याला परत खाली यावं लागतं, आणि ओळखायची खूण असते महाराजांची पगडी. ती कुणाच्या डोक्याला बसते, हा प्रश्न! डोक्यावर घालायची एक वस्तू लेखकानं अख्ख्या नाटकाचा कणा केली. पगडी मिरवणारे किती आणि पेलणारे किती, हे त्यानं भाषणानं सांगितलं असतं तर लोक उठून गेले असते. वेशभूषेनं गोष्ट सांगणं म्हणजे काय, याचा यापेक्षा चांगला दाखला मला तरी मराठीत सापडत नाही, आणि तो परदेशी शिकून आलेल्या कुण्या संकल्पनकारानं दिलेला नाही. घनसावंगी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं दिला आहे.

आपल्याकडे कपडा कधीच निरुपद्रवी नव्हता, हेही तो लेखक जाणून असणार. कुणी डोक्याला काय बांधायचं, धोतर कुठवर सोडायचं, बाईनं लुगडं कसं नेसायचं, कोणते दागिने घालायचे, हे जातीनं ठरवून दिलेलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना मुद्दाम सांगितलं की जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं सोडा, हातापायांतले ते जड दागिने काढून टाका. सत्याग्रहाच्या परिषदेत नेसण्यावर बोलणं काहींना किरकोळ वाटलं असेल. ज्यांच्या अंगावर ती खूण होती त्यांना वाटलं नाही. गावच्या स्टेजवर बाबासाहेबांची भूमिका करणाऱ्याचा वेश म्हणूनच सहसा चुकत नाही. सूट, टाय, चष्मा, हातात पुस्तक, सगळं जिथल्या तिथं. कारण त्या सुटाचा अर्थ वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. हीच काळजी बाकीच्या पात्रांना का मिळू नये? दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे प्रसंग शाळांत बसवले जातात. त्यातले रझाकार, निजामाचे पोलीस आणि आपले स्वातंत्र्यसैनिक १९४८ च्या मराठवाड्यात नेमके काय घालत होते, हे विचारायला काही घरांत अजून नव्वदीतली माणसं आहेत, जुने फोटो आहेत. विचारतो कोण? दुकानातून ‘पोलीस ड्रेस’ येतो आणि निजामाचा शिपाई आजच्या ठाण्यातल्या हवालदारासारखा दिसतो.

पैशांचा आक्षेप मला सगळ्यात लंगडा वाटतो. हौशी मंडळीकडे पैसा नसतो हे मान्य. पण घडीच्या रेघांचं कोरं धोतर भाड्यानं आणायला पैसे लागतात, घरातलं जुनं धोतर फुकट मिळतं. नवंच घ्यावं लागलं तर जुनं करायच्या युक्त्या कपडेपट सांभाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतात. चहाच्या पाण्यात भिजवून पिळून वाळवलं की पांढरेपणाचा तोरा उतरतो. गुडघ्याच्या, कोपराच्या जागी दगडानं घासलं की धागा विरतो. सदऱ्याच्या कॉलरला आणि बटणांच्या पट्टीला थोडं तेल आणि काजळी चोळली की वर्षानुवर्षांचा घाम दिसतो. शर्टाचं एक बटण वेगळ्या रंगाचं लावलं की त्या घरात सुई-दोरा धरणारं कुणीतरी आहे, आणि नवा शर्ट घ्यायची ऐपत नाही, दोन्ही कळतं. नटाला तो कपडा तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून द्यावा; प्रयोगाच्या दिवशी दुपारी टेम्पोतून उतरलेल्या झग्यात कुणालाही नीट बसता-उठता येत नाही. यात खर्च लक्ष देण्याचा आहे.

दुसऱ्या टोकाला प्रायोगिकवाले आहेत. चांगल्या नटाला कपडा लागत नाही, काळा कुर्ता आणि जीन बस झाली, असं महाविद्यालयीन स्पर्धांतून ठामपणे सांगितलं जातं. तत्त्व चांगलं आहे. पण काळा कुर्ताही वेशच; ‘आम्ही शहरातली विचार करणारी पोरं आहोत’ असं तो प्रवेशालाच सांगून बसतो, आणि मग त्यातल्या एकानं ऊसतोड मजूर होऊन कोयता उगारला की तो मजूर न वाटता मजुराविषयी बोलणारा विद्यार्थी वाटतो. कधी तेच हवं असतं. तेव्हा काळा कुर्ता योग्यच. सवयीनं घातलेला असेल तर त्यात आणि भाड्याच्या मखमलीत फरक नाही.

आणि वृत्तपत्रांनीही थोडं आपल्याकडे पाहावं. नाट्यपरीक्षणात कथानकाला चार परिच्छेद, अभिनयाला तीन, आणि अगदी शेवटी ‘नेपथ्य, प्रकाशयोजना व वेशभूषा विषयाला साजेशी’ एवढ्यात बाकी सगळ्यांची बोळवण. साजेशी म्हणजे काय? कोणत्या प्रवेशात कोणत्या कपड्यानं काय सांगितलं, हे एका वाक्यात तरी लिहिल्याशिवाय ते काम करणाऱ्यांना कळणार कसं की कुणी पाहत होतं? पिढ्यान् पिढ्या मंडळींचे कपडेपट सांभाळणाऱ्या माणसांची नावं आज कुणाला सांगता येत नाहीत. भानू अथैया या कोल्हापूरच्या. ‘गांधी’ चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळालं तेव्हा कुठे वेशभूषा हे स्वतंत्र डोक्याचं काम आहे, हे आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानाला समजलं. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

यंदा गणपतीत किंवा संमेलनात जे नाटक बसवणार आहेत त्यांना एवढीच विनंती आहे. ड्रेपरीच्या दुकानात आगाऊ रक्कम देण्याआधी संहितेतल्या प्रत्येक पात्रापुढे लिहा, याच्या अंगावर काय आहे, ते किती जुनं आहे आणि कुणाचं आहे. वर्गातली शिवणकाम जाणणारी मुलगी, गावातला शिंपी, कुणाची तरी आजी, यांपैकी एकाकडे ते काम जबाबदारीनं सोपवा. आणि पत्रिकेवर लेखक-दिग्दर्शकाच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्या माणसाचं नाव छापा.